कण्हदास हिरण्यकार व त्याचे सोबती

पितळखोरें येथील यक्षमूर्तीच्या हातावर एक लहानसा ब्राह्मी लेख आहे. त्यांत अवघे तीन शब्द: ‘कण्हदासेन हिरमकारेन कता’. संस्कृतांत हेंच ‘कृष्णदासेन हिरण्यकारेण कृता’ असें होईल. कृष्णदास नांवाच्या सोनारानें ही मूर्ति केली, इतकाच अर्थ. ‘हिरम’ हें रूप प्राकृताच्या नेहमींच्या वळणाचें नाहीं, पालींतल्याप्रमाणें ‘हिरञ्ञ’ असावयास पाहिजे होतें, अशी शंका वैयाकरण घेईल. परंतु सोनाराखेरीज दुसरा कोणताही अर्थ येथें नीट बसत नाहीं. हा लेख मधुसूदन नरहर देशपांडे ह्यांनीं १९५९ सालीं ‘एन्शंट इंडिया’च्या १५ व्या अंकांत लेण्यांच्या वृत्तांताबरोबर प्रसिद्ध केला. तेव्हांपासून त्याचा उल्लेख पुष्कळ ठिकाणीं येतो, पण तो बहुधा एका ओळीचा असतो. मूर्तिकार सोनार होता असें सांगून लेखक पुढें जातात. आमच्या मतें येथें थांबावयास पाहिजे. सोनारानें दगड कां हातीं धरिला, कोणत्या वयांत धरिला, आणि धरिल्यावरही स्वतःस सोनारच कां म्हणविलें, असे तीन प्रश्न ह्या तीन शब्दांतून निघतात. त्यांचीं उत्तरें, हा लेख सह्याद्रींतील व त्याबाहेरील जवळच्या काळच्या लेखांशीं ताडून पाहिल्यास, बऱ्याच अंशीं मिळतात.

मूर्तीविषयीं आधीं थोडें सांगणें अवश्य आहे. पितळखोऱ्याचीं लेणीं कन्नड तालुक्यांत, सातमाळ्याच्या रांगेंतील एका खोल घळीच्या कडेस, वेरुळापासून वायव्येस सुमारें ४० किलोमीटरांवर आहेत. हा जिल्हा पूर्वीं औरंगाबाद म्हणून ओळखला जाई. २०२३ पासून त्याचें नांव छत्रपति संभाजीनगर झालें आहे. खडक ठिसूळ असल्यामुळें पुष्कळ लेण्यांचा दर्शनी भाग कोसळून गेला. येथील लेखांत पैठणचा गांधिक मितदेव, पैठणच्याच संघकाचे पुत्र, राजवैद्य मगिल व त्याचीं मुलें अशा दात्यांचीं नांवें आढळतात. लिपीवरून हे लेख इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे ठरतात, आणि यक्षावरील लेखही त्याच काळचा आहे. यक्षाची मूर्ति डोंगरांतून कोरून काढलेली नसून सुट्या दगडाची आहे. लेण्यांपुढील ढिगारा उपसतांना ती निघाली व आतां ती नव्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ठेविलेली आहे. ठेंगणा, थुलथुलीत पोटाचा, हसऱ्या चेहऱ्याचा हा यक्ष दोन्ही हात वर करून डोक्यावर पात्र धरून उभा आहे. कानांत व गळ्यांत अलंकार आहेत. ते पाहून ‘सोनाराचाच हात’ असें म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. अलंकार त्या काळच्या कोणत्या यक्षास नाहींत?

आतां लेखाचें व्याकरण. पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे जे शेंकडों लेख आहेत त्यांतील फार मोठा भाग दानाचा आहे. दात्याचें नांव षष्ठींत व पुढें ‘दानं’ किंवा ‘देयधम’, अशी त्यांची ठरलेली घडण. दाता जेव्हां आपण लेणें ‘केलें’ असें सांगूं इच्छितो तेव्हां तो बहुधा प्रयोजक रूप योजितो. नाशिकच्या सर्वांत जुन्या लेखांत, सातवाहनकुळांतील कण्ह राजाच्या वेळीं तेथील महामात्रानें लेणें ‘कारित’, म्हणजे करविलें, असें आहे. कार्ल्यास वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल जंबुद्वीपांतील उत्तम शैलगृह पुरें केल्याचें सांगतो तेथेंही ‘परिनिठापित’ हें णिजन्तच आहे. उलट कण्हदासाच्या लेखांत कर्त्याची तृतीया आहे आणि धातु मूळचा, निखळ आहे. आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ वर्गांत प्रयोजक शिकविलें. ‘करणें’ व ‘करविणें’ ह्यांतील भेद मुलांस जितका सहज कळतो तितकाच तो विद्वानांच्या भाषांतरांतून सहज निसटतो, असा आमचा अनुभव आहे.

हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे ह्यास कार्ल्याच्या चैत्यगृहाचें मुखच साक्षी आहे. तेथें दाराच्या बाजूस दोन लेख आहेत. दोन्ही एमिल सेनार ह्यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडांत (१९०२-०३) छापिले आहेत. एकांत धेनुकाकटचा गांधिक सिंहदत ह्याचें ‘दानं घरमुघ’, म्हणजे गृहमुखाचें दान, सांगितलें आहे. दुसऱ्यांत धेनुकाकटचाच ‘वढकि’ सामि, वेणुवासाचा पुत्र, ह्यानें ‘घरस मुघ कत’, घराचें मुख केलें, असें आहे. वस्तु एकच जातीची, गांव एकच, पण गांधिकाचें नांव षष्ठींत व सुताराचें तृतीयेंत. अत्तरविक्यानें पैसा दिला, सुतारानें काम केलें. वढकि म्हणजे संस्कृत वर्धकि. नागपुराकडे अद्यापि सुतारास ‘वाढई’ म्हणतात तो शब्द ह्याच कुळांतला.

येथें कोणी म्हणेल कीं सामीनें लांकूडकामच केलें असेल, त्यास पाथरवट कां ठरवितां? आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. कार्ल्याच्या छतास सागवानी कमानी आहेत व त्या जुन्या आहेत. भाज्याचीही तीच गोष्ट. परंतु सामीचा लेख छतासंबंधानें नसून ‘मुखा’संबंधानें आहे, आणि सिंहदताचें मुख व सामीचें मुख ह्यांस एकच शब्द योजिला आहे. शिवाय ह्या लेण्यांचीं मुखें ज्यानें उभें राहून पाहिलीं आहेत त्यास दिसेलच कीं दगडांत तुळया, कठडे, जाळ्या, वासे सारें सुतारीचें काढलें आहे; ज्या वाशास कांहीं उचलावयाचें नाहीं तोही वासा दगडांत कोरिला आहे. पाथरवट म्हणून जन्मलेल्या माणसास हें सुचावयाचें नाहीं. ज्याचा हात लांकडावर बसला आहे व ज्यास आयुष्याच्या मध्यावर दगड देण्यांत आला आहे, त्याचें हें काम.

तिसरा लेख सांचीचा. मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणाच्या एका खांबावर ‘वेदिसकेहि दंतकारेहि रुपकंमं कतं’ असें आहे: विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनीं हें रूपकर्म केलें. ह्याचा काळ इसवी सनापूर्वींचें पहिलें शतक. ब्यूलर ह्यांनीं हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या दुसऱ्या खंडांत दिला. कांहीं विद्वान् म्हणतात कीं हस्तिदंतवाल्यांनीं कोरीव कामाचा खर्च सोसला एवढाच ह्याचा अर्थ. आम्हांस हें पटत नाहीं, आणि न पटण्याचें कारण त्याच तोरणावर आहे. वरच्या आडव्या तुळईवर राजा सिरि सातकणि ह्याच्या कारागिरांचा नायक, वासिठीपुत्र आनंद, ह्याचा लेख आहे. आनंद हा स्वतः कारागीर असूनही त्यानें ‘दानं’ असें लिहविलें, कारण त्यानें दान दिलें होतें. हस्तिदंतवाल्यांस दानच सांगावयाचें असतें तर तो शब्द त्यांच्यासमोर होता. सांचीच्या शेंकडों दात्यांनीं तो वापरिला आहे. त्यांनीं तो टाळून ‘कतं’ म्हटलें.

असे तीन लेख झाले: सोनार, सुतार, हस्तिदंतकार. तिघेही मूर्ति किंवा कोरीव काम ‘केलें’ म्हणतात आणि तिघेही आपला धंदा दुसराच सांगतात. आतां ह्यांच्यासमोर दुसरा एक गट मांडिला म्हणजे गोष्ट स्पष्ट होते. कर्जताजवळ राजमाचीच्या पायथ्याशीं कोंडाण्याचें लेणें आहे. त्याच्या चैत्याच्या दर्शनी भागीं एका भग्न मोठ्या मूर्तीच्या मस्तकाशेजारीं लेख आहे: कण्हाचा ‘अंतेवासी’ बलक (कोणी बलुक वाचितात) ह्यानें केलें. मथुरेच्या संग्रहालयांतील परखमच्या प्रचंड यक्षावर कुणिकाचा अंतेवासी गोमितक ह्याचें नांव आहे, आणि त्याच प्रांतांतील एका यक्षीवर त्याच कुणिकाचा दुसरा अंतेवासी नाक ह्याचें. ह्या तिघांनीं धंदा सांगितला नाहीं, गुरु सांगितला.

जातां जातां दोन गोष्टी. काशीप्रसाद जायसवाल ह्यांनीं १९२० च्या सुमारास परखमचा यक्ष म्हणजे मगधराज अजातशत्रु कुणिक ह्याची प्रतिमा असें प्रतिपादन केलें होतें. जायसवालांचें पांडित्य थोर. पण ह्या ठिकाणीं एका मूर्तिकाराच्या गुरूस राजा करण्यांत आलें आणि खुद्द मूर्तिकाराचें नांव त्या गर्दींत हरवलें. पुढील वाचकांनीं तें मत सोडून दिलें हें योग्यच झालें. दुसरें, कोंडाण्याचा कण्ह व पितळखोऱ्याचा कण्हदास हे एकच असावेत अशी कल्पना कोणाच्या मनांत येईल. ती धरूं नये. कण्ह हें नांव त्या काळीं इतकें सामान्य आहे कीं नाशिकच्या लेखांतला राजाही तोच.

असो. ‘अंतेवासी’ ह्या शब्दाकडे वळूं. लेण्यांतील लेखांत हा शब्द भिक्षूच्या शिष्यासही येतो, पण धर्मशास्त्रांत त्यास कारागिरीचा नेमका अर्थ आहे. नारदानें शिष्य, अंतेवासी, भृतक अशा सेवकांचें वर्गीकरण करितांना अंतेवासी म्हणजे शिल्प शिकावयास राहिलेला उमेदवार असें सांगितलें आहे. त्यानें बांधवांची अनुज्ञा घेऊन, मुदत ठरवून, आचार्याच्या घरीं राहावें. आचार्यानें त्यास घरीं जेवूं घालावें, पुत्राप्रमाणें वागवावें, दुसरें काम सांगूं नये. याज्ञवल्क्याच्या मतें शिल्प लवकर अवगत झालें तरी ठरलेली मुदत भरेपर्यंत त्यानें गुरुगृहींच राहून कमाई गुरूस द्यावी. ह्या नियमांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. बांधवांची अनुज्ञा व पुत्राप्रमाणें वागवणूक ह्यांवरून उमेदवार हा पोरवयाचा असे हें उघड आहे. आणि नारदानें योजिलेला शब्द ‘स्वशिल्प’ असा आहे: जो तो आपलें, म्हणजे कुळाचें, शिल्प शिकावयास जातो. ज्याची स्वतःची ऐरण व मूस आहे, ज्याला गिऱ्हाइकें आहेत, पोरेंबाळें आहेत, असा पुरता वाढलेला सोनार ह्या चौकटींत कोठेंच बसत नाहीं. तो कोणाच्या घरीं पुत्राप्रमाणें राहावयास जाणार नाहीं, आणि जें शिकावयाचें तें त्याचें ‘स्वशिल्प’ही नव्हे.

म्हणून आमचा तर्क असा कीं ह्या लेखांत मूर्तिकार आपली ओळख दोन रीतींनीं देतात. लहानपणीं गुरुगृहीं दगडाचें काम शिकलेला मनुष्य गुरूचें नांव सांगतो. दुसऱ्या धंद्यांत वय घालवून दगडाकडे आलेल्या मनुष्यास सांगावयास गुरु नसतो. तो आपला मूळचा धंदा सांगतो, आणि सामीसारखा असेल तर बापाचें व गांवाचें नांवही सांगतो. कण्हदासाच्या ‘हिरमकारेन’ ह्या शब्दाची जागा नेमकी तीच आहे जेथें बलकानें ‘अंतेवासिना’ लिहिलें. उपलब्ध लेख थोडे आहेत हें खरें, पण आम्हीं घेतलेल्या सहांतून एकही ह्याच्या विरुद्ध जात नाहीं. वयाचा आंकडा कोणीच दगडावर खोदला नाहीं. तथापि धंद्याचें नांव लावण्याइतका जो त्या धंद्यांत मुरला तो प्रौढ होता एवढें म्हणण्यास हरकत दिसत नाहीं. निवृत्त झाल्यावर ब्राह्मी अक्षरें गिरवूं लागलेल्या मास्तरास हा तर्क गोड लागणें साहजिक आहे. वाचकांनीं तेवढें वजा करून तो पाहावा.

ह्या तिघांत धंदा बदलणें कोणास किती जड गेलें असेल ह्याचाही विचार व्हावा. सुताराचें व हस्तिदंतवाल्याचें काम मुळांत दगडाच्या जातीचें आहे. दोघेही जिन्नस कमी करीत जातात, नको तें काढून टाकितात. सांचीच्या फलकांत माणसें, झाडें, हत्ती, घरें ह्यांची जी दाटी आहे, कोठें बोटभर जागा मोकळी सोडलेली नाहीं, ती हस्तिदंतावर काम करणाऱ्यांची संवय होय; दंत महाग, आंखूड व अरुंद, त्यावरील प्रत्येक तसू वापरावा लागतो. त्यांची कारागिरी कशी होती हें आतां पाहावयासही मिळतें. पाँपेई येथें १९३८ सालीं सांपडलेली हिंदुस्थानी हस्तिदंती स्त्रीमूर्ति इसवी सन ७९ च्या ज्वालामुखींत गाडली गेली होती. तिच्याशीं मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेर व भोकरदन येथें मिळाल्या आहेत. विदिशेचे लोक दगडाकडे आले तेव्हां छिन्नीचा आकार तेवढा बदलला.

सोनाराचें तसें नव्हे. त्याची विद्या वितळविण्याची, ठोकण्याची, जोडण्याची. बिघडलें तर मूस आहेच. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभीं द्रव्य नित्य व आकृति अनित्य हें समजावितांना सोन्याचाच दृष्टांत घेतला आहे: गोळा मोडून एक अलंकार होतो, तो मोडून दुसरा होतो, सोनें तें सोनेंच राहतें. पतंजलि हा कण्हदासाच्याच शतकांतला. ज्याचें सारें आयुष्य ह्या दृष्टांतांत गेलें त्यानें बेसाल्टावर टांकी लाविली म्हणजे काय केलें हें ध्यानांत यावें. येथें आकृति मोडली कीं द्रव्यही गेलें. यक्षाचें नाक उडालें तर तें पुन्हां वितळवून बसवितां येत नाहीं. कण्हेरीच्या लेखांत कल्याणचा सुवर्णकार सामिदत पाण्याच्या टांक्याचें दान देतो. सोनाराचा लेण्यांशीं संबंध नेहमीं असा, पैशाचा, येई. कण्हदासानें पैसा दिल्याचें सांगितलें नाहीं. त्यानें हात दिला, आणि तो मूर्तीच्याच हातावर लिहून ठेविला.

ह्यावर एक आक्षेप आम्हीं स्वतःच घेतों, कारण महाराष्ट्रांत तो कोणासही सुचेल. आमच्याकडे चिटणीस, पोतनीस, पारसनीस ह्या नांवांचे लोक आज कसलीही कामें करितात. आडनांवावरून धंदा ठरवूं गेल्यास फसगत होईल. तसेंच ‘हिरण्यकार’ हें केवळ घराण्याचें उपपद कशावरून नसेल? असेलही. पण तसें मानिलें तरी सोनाराच्या घरांतला एक मनुष्य पाथरवटाचें काम करीत होता हें उरतेंच; धंदा त्यानें न बदलतां त्याच्या बापानें बदलला, एवढाच फरक पडेल. आणि एक सुटी मूर्ति केली म्हणून त्यानें सोनारकी सोडली हें कशावरून, असें कोणी विचारील तर त्याचें उत्तर मूर्तीनें द्यावें. पहिल्याच दगडांत असें हसूं उमटत नाहीं. त्यापूर्वीं त्याच्या हातून पुष्कळ दगड वायां गेले असले पाहिजेत.

धंदा बदलण्यास स्मृतींची मान्यता होती कीं नव्हती, हा प्रश्न येथें येतो खरा, पण त्यांत फार शिरण्याचें प्रयोजन नाहीं. मनूच्या दहाव्या अध्यायांत आपत्कालीं वरच्यानें खालची वृत्ति धरावी अशी सवलत आहे, आणि खालच्यानें लोभानें वरची धरिल्यास राजानें त्याचें द्रव्य हरण करून त्यास हांकून द्यावें अशी आज्ञा आहे. एका शिल्पांतून दुसऱ्या शिल्पांत जाणाऱ्यांचा विचार त्यांत नाहीं. शास्त्राच्या बाहेर काय चालत होतें तें मंदसोरच्या प्रशस्तींत स्पष्ट आहे. लाट देशांतून दशपुरास येऊन राहिलेल्या रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणींत कोणी धनुर्विद्येंत, कोणी कथा सांगण्यांत, कोणी ज्योतिषांत, कोणी युद्धांत निपुण झाले. पुष्कळांनीं विणकामही राखिलें. ह्याच श्रेणीनें इसवी सन ४३७ सालीं तेथें सूर्यमंदिर बांधिलें व ४७३ सालीं त्याचा जीर्णोद्धार केला. श्रेणीच्या सभासदांनीं धंदे बदलले म्हणून त्यांस लाज वाटल्याचें दिसत नाहीं; उलट तें त्यांनीं मोठ्या अभिमानानें कवीकडून लिहवून घेतलें.

मग एवढ्या लोकांस दगडाकडे येण्याची गरज कां पडली? कारण साधें आहे. इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकापासून दख्खनच्या घाटांतून व्यापार वाढला, भिक्षुसंघांस आश्रय मिळूं लागला, आणि डोंगर कोरण्याचें काम एकाएकीं निघालें. काम निघालें पण तें करणारी जात तयार नव्हती. उत्तरेंत तो शब्द तरी होता. भारहुतच्या लेखांत बुधरखित नांवाचा ‘रुपकारक’, म्हणजे धंदेवाईक मूर्तिकार, दाता म्हणून येतो. दख्खनच्या आमच्या लेखांत कण्हदास स्वतःस रुपकारक म्हणवीत नाहीं, सामि स्वतःस शिलाकार म्हणवीत नाहीं. पुढें काय झालें तें कण्हेरीच्या चैत्यांतील लेखांत पाहावें. यज्ञ सातकर्णीच्या काळचा हा लेख, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांतला. त्यांत काम करणाऱ्यांच्या निरनिराळ्या वर्गांचीं नांवें आहेत आणि त्यांत ‘सेलवढकि’ असा शब्द आहे: शैलवर्धकि, दगडाचा सुतार. सामीच्या वेळीं जो नुसता वढकि होता व दगडाचें काम करीत होता, त्यास शंभर-सव्वाशें वर्षांत स्वतंत्र नांव मिळालें. धंदा बदलणाऱ्या माणसांचा धंदाच नवा होऊन बसला, पण नांवांतली सुतारकी गेली नाहीं.

दान दिलें म्हणून ज्यांचीं नांवें राहिलीं ते शेंकडों आहेत. हातानें केलें म्हणून राहिलीं ते बोटांवर मोजण्याइतके. त्यांतल्या निम्म्यांस भाषांतरांतल्या ढिलाईनें दात्यांच्या पंक्तींत बसविलें तर बाकी फार थोडी उरेल. ज्या संग्राहकांजवळ जुन्नर, कुडें, बेडसें, महाड येथील लेखांचे जुने ठसे आहेत त्यांनीं ते पुन्हां काढून ‘कत’, ‘कतं’ ह्या शब्दांमागें तृतीया आहे कीं षष्ठी एवढेंच पाहावें. भगवानलाल इंद्रजी व बर्जेस ह्यांचें १८८१ चें पुस्तक जवळ असल्यास त्यांतील भाषांतर न पाहतां मूळ पाठच पाहावा. ठसा फुटका असला तरी चालेल. ‘-न’ आणि ‘-स’ हीं दोन अक्षरें शाबूत असलीं म्हणजे पुरे.